मिथाइल ऑरेंज आणि माझे डोळे

१८ जुलै १९७७, बुलढाणा
रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल आज परत फसलं. ब्युरेटच्या नळीतून थेंबथेंब ॲसिड सोडायचं, खाली फ्लास्कात सोड्याचं द्रावण, त्यात मिथाइल ऑरेंज. पिवळ्याचं लाल झालं की थांबायचं. मी थांबतच नाही. शेजारून माझा खोलीसोबती गजा ओरडला, "अबे बंद कर! लाल होऊन जमाना झाला!" मला मळकट पिवळंच दिसत होतं. जोगळेकर मॅडम म्हणाल्या, "सुभाष, लक्ष कुठे असतं तुझं?"
लक्ष तिथंच होतं. तेच तर.

१९ जुलै
खोलीवर आल्यावर गजाने माझी परीक्षाच घेतली. घरमालकिणीची लुगडी दोरीवर वाळत होती. हे कोणतं? हिरवं. अन् हे? तेही हिरवं. गजा हसायचा थांबला. "सुभ्या, ते लाल आहे बे."
निळं, पिवळं बरोबर सांगितलं. घोळ लाल-हिरव्यातच.

२३ जुलै
डॉक्टरांनी ठिपक्यांची चित्रं दाखवली. त्यात आकडे असतात म्हणे. मला नुसते ठिपके. "जन्मजात आहे. औषध नाही. सायन्स सोडा, आर्ट्सला जा." किती सहज म्हणाले!

३१ जुलै, मोताळा
घरी सांगितलं. आई म्हणाली, "माह्या भावाले लाल मिरच्या तोडाले धाडलं की हिरव्याही तोडून आणे. आम्ही त्याले कामचोर म्हणो."
बाबा : "आर्ट्सले गेला तं काय बिघडलं? मास्तर होशीन."
मी म्हटलं, मले केमिस्ट्रीच शिकाची आहे.
"काऊन?"
दोन नितळ द्रावणं एकत्र केली आणि तळाशी दह्यासारखा पांढरा साका बसला, ते पाहिलं त्या दिवसापासून... पण बाबांना हे कसं सांगू.

४ ऑगस्ट, बुलढाणा
तास संपल्यावर मॅडमना सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता ऑफिसात पाठवतील, नाव कमी करायला. त्या म्हणाल्या, "आधी का नाही बोललास?"
"मलाच कुठं माहीत होतं, मॅडम."
मग त्यांनी कपाट उघडून मागून एक बाटली काढली. ब्रोमोफिनॉल ब्लू. "डोळे आहेत तसेच राहणार. इंडिकेटर बदलता येतो."
हा निळ्याचा पिवळा होतो. थेंब थेंब सोडत गेलो आणि एका थेंबाला निळं गेलं! डोळ्यांदेखत! परत केलं. रीडिंग तेच. ओरडलोच, "मॅडम, दिसून राह्यलं!"
त्या पुण्याच्या. माझ्या बोलण्याला हसल्या. आज राग नाही आला.

१२ डिसेंबर
क्षार ओळखणं. ज्योतीची परीक्षा, म्हणजे क्षार ज्योतीत धरून रंग पाहायचा, माझ्या कामाची नाही. बेरियमची हिरवी, स्ट्रॉन्शियमची लाल, मला दोन्ही सारख्याच. मग सगळं परीक्षानळीत, साका पाहून. वेळ लागतो, पण चूक होत नाही. आज गजाच हळूच नळी घेऊन आला, "ज्योत हिरवी वाटून राह्यली, पण पक्कं सांग ना बे." क्रोमेट टाकलं, पिवळा साका. बेरियम. मजा आली!!

२१ फेब्रुवारी १९७८
झालं प्रॅ.! बाहेरचे परीक्षक आलेले, जाड चष्मा. माझी बाटली पाहून थबकले.
"मिथाइल ऑरेंज कुठाय?"
"सर, मला त्यातला बदल दिसत नाही. लाल-हिरव्याचा दोष आहे. याचाही रंग जवळपास तिथंच बदलतो, म्हणून उत्तरात फरक पडत नाही."
"असं?" म्हणाले, आणि बाह्या सारून स्वतः बसले. माझंच द्रावण, त्यांचं मिथाइल ऑरेंज. सगळी बॅच काम सोडून बघतेय. मॅडम दाराशी. त्यांनी रीडिंग घेतलं, माझं पाहिलं, परत स्वतःचं पाहिलं.
एकच!
"कोणी शिकवलं?" मी मॅडमकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "बाटली मी दिली. हात त्याचा आहे."
गजाने जिन्यातच उचलून घेतलं. दोघंही पडलो असतो.

९ जून, मोताळा
निकाल. रसा.त कॉलेजात पहिला. पहिला!! बाबा बाजारात दिसेल त्याला थांबवून सांगताहेत, "लाल-हिरवं वळखू येत नाही माह्या पोराले, अन् केमिस्ट्रीत पयला!" मी म्हटलं, पहिलं वाक्य कशाला? "तेच तं मोठं हाय," म्हणाले.

२ जुलै
आज अमरावतीला निघालोय. फार्मसीच्या प्रवेशाची मुलाखत. डॉक्टरी तपासणी आहे, डोळ्यांचीही. आई म्हणाली, "त्यायनं इचारलं नाही तं?" तरी रंगांचं मी स्वतःहून सांगणार.
बाबा : "अन् नाही म्हणले तं?"
"तं म्हणीन, लॅबमधे उभं करा अन् पाहा."
बाबा "मीबी येतो" म्हणून धोतर बदलायला आत गेले. चौकात यष्टीचा हॉर्न वाजतोय. हाका मारतोय, अजून बाहेर आले नाहीत.