शेवटच्या वळणातला श्वास

साहेब, तो आवाज तुमच्या कानांत नव्हता. तो रेकॉर्डमध्येच होता. काल दुपारी इथे प्लेनोला, लेकीच्या घरी, मी तो पुन्हा ऐकला.

जावयाला जुन्या रेकॉर्डींचा नाद लागलाय. खिशात हजार गाणी मावणारं यंत्र घेऊन फिरतो आणि घरात तबकड्यांचे ढीग लावतो. काल त्याने एक करडं कव्हर पुढे केलं. "बाबा, पोस्ट-पंक रॉकच्या अगदी सुरुवातीच्या बँडचा हा पहिला अल्बम. तुमच्या शिकागोच्या रेकॉर्ड छापायच्या फॅक्टरीतला असेल का हो?" कव्हर मी लगेच ओळखलं.

ऐकायला तुम्ही शिकवलंत मला. इंग्रजी धड येत नव्हतं, तरी कुठली चरचर धुळीची आणि कुठली साच्याची, ते तुमच्यामुळे उमगायला लागलं. छपाईआधी नमुन्याची प्रत शेवटपर्यंत ऐकायची आणि मगच सही करायची, हा तुमचा दंडक. त्या दिवशी मला बस गाठायची होती. शेवटचं गाणं संपलं तशी मी सुई उचलली आणि सही ठोकून दिली. दुसऱ्या दिवशी, ढीगभर प्रती निघाल्यावर, तुम्ही मला बोलावता, हेडफोन माझ्या कानांवर चढवता. गाणं संपलंय, पण सुई पुढे सरकत नाही, एकाच वळणात फिरतेय. ठक. मग कुणीतरी श्वास आत घेतं. ठक. पुन्हा तोच श्वास. सोडत मात्र कधीच नाही.

"ऐकलंस, पोरा?"

नोकरी जाणार, एवढंच डोक्यात. "काहीच नाही, साहेब."

तुम्ही हसलात. "बायको मला म्हणतेच, तुझे कान आता चष्मा अडकवण्यापुरते."

महिन्याभरात तुम्ही तुमची ऐकायची खुर्ची मला देऊन टाकलीत. तुमच्या स्वयंपाकघरात सूप वाढताना बाईसाहेब सांगायच्या, "हा जेवता जेवता थांबतो आणि विचारतो, कोण श्वास घेतंय?" तुम्ही माझ्याकडे बघायचात. मी पाव चावत राहायचो.

काल जावई म्हणाला, "खराब नाहीये बाबा, बँडने मुद्दाम ठेवलंय तसं. कुणी सुई उचलेपर्यंत चालूच राहतं." आम्हाला कुणी कळवलंच नव्हतं. म्हणजे मी लपवली ती चूक चूक नव्हतीच, आणि तुमचे कान शाबूत होते. त्याला फोन आला, तो बाहेर गेला. मला सुई उचलवेना. खोलीत कुणी नाही, आणि कुणीतरी श्वास घेतंय. मी माझा रोखून धरलाय, हे छाती दुखायला लागली तेव्हा कळलं.

तुमच्या मुलीचा पत्ता आहे माझ्याकडे. तुम्ही गेल्यापासून नाताळात तिचं कार्ड येतं. 'बाबा तुमच्या कानांचं फार कौतुक करायचे,' असं ती दरवर्षी लिहिते. हे सगळं इंग्रजीत उतरवून तिला धाडता येईल. नाही धाडणार. खरं सांगतो साहेब, ते कार्ड यायचं थांबलेलं मला सोसणार नाही.