इंदूबाईच्या पाटीचा टॅक्स

अमरावती, १२ जुलै २०२४

चि. सौ. मनकर्णास अनेक आशीर्वाद.

वि. वि. उत्तराला फार उशीर झाला, रागावू नको. तुझी वहिनी गेल्यावर सगळेच धीराचे लिहितात, त्यावर काय लिहावे सुचत नाही. फोनवर बोलावे तर कान साथ देत नाहीत.

आता नवीनच काळजी. घरटॅक्स घराच्या किमतीवर लावून राहिले. मोजायला महापालिकेची एक मुलगी आली. तिने दारावरची तुझ्या वहिनीची पाटी वाचली, ‘इंदूबाई, ब्लाऊज, फॉल-पिको’, आणि पुढची खोली दुकान म्हणून लिहून गेली. दुकानाचा दर घराहून कितीतरी जास्त. हरकत असेल तर सुनावणीला या, अशी नोटीस आली. सूतगिरणीची पेन्शन ती केवढी! घराची किंमत वाढली म्हणतात, पण मले काय घर विकायचे आहे? वाढलेली किंमत भाजीत टाकता येत नाही. जप्ती तर येणार नाही ना?

तुझा दादा
खुशालराव

अकोला, २० जुलै

ती. दादास शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून हे हसले. म्हणाले, तुझे दादा जप्तीच्या आधीच भांडी बांधून ठेवतील. जेवत जा वेळेवर.

टॅक्स नकोच, असे मी म्हणणार नाही. आमच्या गल्लीत नाली झाली, दिवे लागले, ते त्याच पैशातून. किमतीवर लावला म्हणूनच बंगलेवाला जास्त देतो अन् आपण कमी. पण वहिनीच्या बंद शिलाई मशीनवर दुकानाचा टॅक्स काहून भरता? पाटी काढा, सुनावणीला जा आणि दुकान बंद झाले एवढेच सांगा. मशीन आमच्या आरतीला द्या, चालती राहील.

माया असू द्या.

तुमची
मनकर्णा

अमरावती, ६ ऑगस्ट

चि. सौ. मनकर्णास आशीर्वाद.

तू सांगितले तसे केले. पाटी काढली, पिशवीत घालून सुनावणीला नेली. साहेब भला माणूस. बसायला खुर्ची दिली आणि विचारले, काका, दुकान कधी बंद झाले?

मनकर्णा, मला फक्त तारीख सांगायची होती. तोंडातून निघाले, बंद नाही साहेब, बाई अचलपूरला माहेरी गेल्या आहेत. ते म्हणाले, मग दुकानाचाच टॅक्स लागेल. मी म्हणालो, लागू द्या.

घरी येऊन पाटी होती तिथेच लावली. मशीनला तेल दिले. तुझे म्हणणे खरे आहे, दुकान म्हटले की दुकानाचा टॅक्स आलाच. दूध बंद करीन, पण भरीन. आरतीला सांग, मामावर रुसू नको. मशीन देववत नाही.

मी खोटे बोललो काय, ते तू लवकर कळव. आणि पाकिटावर पहिल्यासारखी आम्हा दोघांची नावे घाल.

तुझा दादा
खुशालराव