वलगावचे महाराज, माझे हे

अमरावती, ४ मार्च १९५९
वलगावचे पाटील आले होते. ह्यांना आठवडाभर ताप आहे म्हणे. डॉक्टर का नाही आणला विचारलं, तर म्हणतात, "गावाचा ताप महाराजायनं आंगावर घेतला, बाई. डॉक्टर कायले?" वेडे की काय! मास्तरकी सोडून चिंचेखाली जाऊन बसले, बोलणं सोडलं, की झाले संत? घरी मीठ संपलं तरी हे कुठे बोलत होते!

५ मार्च
वलगावला जाऊन आले. अंगाची भट्टी झालीय. पायाशी नारळांचा ढीग, पण तोंडात पाणी घालायला कोणी नाही. गाडी जुंपा म्हटलं. पाटील म्हणाले, "महाराज सोता म्हनत नाई तोवर आमी हात लावत नाई." मी बायको आहे हो त्यांची! एक म्हातारी हसली, "महाराजाले कोठची बायको?"
रडत परत आले.

७ मार्च
झोप नाही. डोळा लागला की चिंचेखाली हे दिसतात, आणि जवळ जावं तर चेहराच नाही. फार भीती वाटते. समाधीसाठी विटा येऊन पडल्यात, कालच कळलं. माणूस अजून जिवंत आहे रे!

८ मार्च
खोटं बोलले. केस मोकळे सोडले, कपाळभर कुंकू फासलं आणि वलगावच्या पारावर उभी राहून ओरडले, "महाराजांनी दृष्टांत दिला! मला अमरावतीला न्या म्हणाले!" मग पाटीलच माझ्या पाया पडले. भजन म्हणत गाडीनं अमरावतीच्या इस्पितळात आणलं. न्युमोनिया. डॉ. म्हणाले, उशीर झालाय, बघू.

१० मार्च
ताप तसाच. व्हरांड्यात निम्मं वलगाव. एकीनं तापलेलं पोर माझ्या मांडीवर ठेवलं, "हात ठेवा, माय." नको नको म्हणत होते. तिचं तोंड बघवेना, ठेवला.

११ मार्च
त्या पोराचा ताप उतरला. डॉ.चं औषधही होतं, पण ते कोण ऐकतं!
संध्याकाळी ह्यांनी डोळे उघडले. मी वाकले, "ओळखलंत का?" माझ्याकडे बघितलं. मग हात जोडले. कितीतरी महिन्यांनी आवाज ऐकला.
"आई, माझ्या बायकोला निरोप द्याल का? म्हणावं, घरी यायचंय, पण ही माणसं सोडत नाहीत."
सांगते म्हटलं. दाराशी बायका पोरं घेऊन ओळीनं बसल्यात, अजून उठल्या नाहीत.