आईच्या फिल्मला लावलेली कात्री

कोथरूड, ४ जानेवारी २००४

चि. सौ. उल्का हीस अनेक आशीर्वाद.

माळा आवरताना तुझा फिल्मचा डबा सापडला. शिकत असताना आईवर काढली होतीस, तीच. लग्नाच्या कॅसेटी करणाऱ्याकडून तिची सीडी करून घेतली. आई तांदूळ निवडते, वर बघते, हसते. पुन्हा तेच, पुन्हा तेच. रीळ अडकलं असावं, म्हणून जादाचं सगळं काढायला सांगितलं. आता कशी आटोपशीर झाली आहे. त्याने वर सनई फुकट घातली.

आई हल्ली विसरते, बाकी ठणठणीत. दिवाळीत तिने तुला कुणाकडच्या म्हणून विचारलं, म्हणून काय माहेर टाकायचं? ये.

लोभ आहेच, वाढवायचा तर इथे यावं लागेल.

तुझा दादा
श्रीधर

भोपाळ, १२ जानेवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

अरे, रीळ अडकलं नव्हतं. फिल्म तशीच होती! तेच तांदूळ, तीच आई, फक्त ऊन सरकत जातं. दिवस जातो कसा आणि आठवतो कसा, ते मला धरायचं होतं. तेव्हा परीक्षकांना झोप लागली, तू निदान कात्री लावलीस. मूळ रीळ आधी घरी आण. सनईवाली सोसायटीत दाखव.

येण्याचं म्हणशील तर मला भीती वाटते. आईने पुन्हा परक्यासारखं पाहिलं तर सोसणार नाही. तिला नमस्कार सांग, कुणाचा ते सांगू नकोस.

कात्री वगळून तुझा लोभ असू दे.

तुझी
उल्का

कोथरूड, २५ जानेवारी

चि. सौ. उल्का हीस आशीर्वाद.

रीळ शाबूत होतं. आमच्या सलीलने खराडीच्या ऑफिसातून सुट्टी काढून पूर्ण सीडी करून आणली. आईला दाखवली. मला लवकरच जांभया आल्या, ती मात्र दर वेळी नव्याने बघत होती. पडद्यावर आपणच आहोत हे तिला कळलं नाही. बाई नीटनेटकी आहे म्हणाली. मग एकदम चिडली. चौकटीत बाईचं कपाळ कापलंय, दर फोटोत कापते तसं, हे आमच्या उल्कीचंच काम, म्हणाली. तिला म्हणावं ते यंत्र ठेव आणि जेवायला ये. मला रडू आलं, म्हणून टीव्हीची वायर तपासत बसलो.

तोंड पाहून ओळखेल याची हमी देत नाही. पण शनिवारी तू येतेस असं मी तिला सांगून टाकलंय. ती विसरते, विचारते, मी परत सांगतो, आणि दर वेळी तिला तितकाच आनंद होतो.

बाकी लोभ समक्ष.

तुझा
दादा