वैशालीचा नकाशा

शुक्रवार, संध्याकाळ

अभनपूरकडच्या गावात आज ग्रामसभा झाली. नव्या घरांसाठी दोन नकाशे मांडले होते, एक माझा, एक माझ्याच हाताखाली शिकलेल्या वैशालीचा. लोकांनी तिचा निवडला. काहून? माझा रस्ता धानाच्या खळ्यातून जात होता. तिनं खळं मोकळं ठेवून घरं मागच्या पडीक जमिनीवर नेली. सरपंच दीदी तिला म्हणाल्या, "हव बेटी, ये तो हमरे गांव आय." 'हे तर आमचंच गाव' असं मले इतक्या वर्षांत कोणी म्हटलं नाही.

ते खळं मी पण पाहिलं होतं, पण गाडीतून. ती तिथं बायांसोबत बसून धान पाखडत होती.

परतताना आमच्या ऑफिसच्या साहेबांनी विचारलं, "तिच्या नकाशात काही चूक?" मी म्हटलं, "पाण्याचा उतार चुकला." साफ खोटं. "मग मंजुरीला तुमचाच पाठवू," ते म्हणाले. बरं वाटलं मले, खरंच.

आत्ता वैशालीचा फोन आला. "ताई, साहेब म्हणाले उतार चुकला. कुठं? मी पुन्हा मोजून राहिली." तिच्या आवाजात रागही नव्हता, त्याचाच जास्त त्रास झाला. म्हटलं, "चुकला नाही. मी खोटं बोलली."

मग साहेबांनाही फोन करून सांगितलं. तिचाच नकाशा जाईल. मन हलकं होईल वाटलं होतं. हेवा मात्र तसाच आहे.