साचा बसेना

४ फेब्रुवारी
गाठ परत आली! फुफ्फुसाचा एक तुकडा कापून दिला, तरी बाईसाहेबांचं पोट भरलं नाही. या वेळी मुक्काम श्वासनलिकेशेजारच्या लसीकाग्रंथीत.

डॉक्टरांचा कोट असा कडक, की वाकले तर मोडतील. मी त्यांचं नाव ‘इस्त्री’ ठेवलंय. म्हणाले, “एकाच ग्रंथीत आहे, हे तुमचं नशीब.” नशीब! मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे फरशीकडे बघत होते. तीस वर्षं गॅलरीत उभं राहून सिगरेटी फुंकल्या ह्यांनी, आणि उगवलं माझ्यात. मी शाळेत खेळाची बाई. धूर सोडा, कधी लिफ्टनेसुद्धा गेले नाही.

६ फेब्रुवारी
जड कणांचे किरण द्यायचं ठरलं. साधे किरण आरपार जातात. हे जड किरण ठरवलेल्या खोलीपर्यंत जातात आणि तिथेच थांबतात, पलीकडच्या अन्ननलिकेला हात लावत नाहीत. ठरल्या जागी थांबणारं काहीतरी जगात आहे तर! नणंदेला फोनवर हे सांगितलं. ती मात्र तासभर थांबली नाही.

अट एकच – आजार त्या एका ग्रंथीतच हवा. आणखी कुठे निघाला तर किरण बंद, मग नुसती औषधं. औषधं किती दिवस तगवतील ते इस्त्रींनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. भीती वाटली.

११ फेब्रुवारी
अंगाचा साचा घेतला. गरम, मऊ जाळी छातीवर दाबून बसवतात, बघता बघता ती कडक होते. रोज हीच अंगावर चढवून टेबलाला जखडणार, म्हणजे तसूभर हलायला नको. “अजिबात हलायचं नाही!” जन्मभर हे मी पोरांवर ओरडले. आता मशीनवाली माझ्यावर ओरडते.

श्वास सोडला की छाती क्षणभर स्थिर होते, तेवढ्यातच किरण सोडतात. आज त्याची तालीम होती. लवकर उरकेल म्हणून मी श्वास सोडून तशीच दम धरून पडले. काचेमागून आवाज आला – “काकू, इथे बक्षीस नाहीये! साधा श्वास घ्या!”

१९ फेब्रुवारी
किरण सुरू झाले. काहीच होत नाही! दुखत नाही, भाजत नाही, मशीन गुरगुरतं आणि घरी सोडतात. नणंद म्हणाली, “नक्की देतात ना गं? नाहीतर नुसतंच झोपवायचे!”

२३ फेब्रुवारी
हॉस्पिटलजवळ खोली घेतलीय, आणि स्वयंपाकघर ह्यांच्या ताब्यात! घरी ज्यांना चहाचं पातेलं सापडायचं नाही, ते आता सकाळी अंडी, दुपारी लोणी, संध्याकाळी बदाम घातलेलं दूध घेऊन समोर उभे. “अंगात ताकद नको का?” नको म्हटलं की तोंड एवढंसं होतं.

माझ्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी ह्यांनी सिगरेट सोडली. ना मला सांगितलं, ना त्या विषयावर कधी चकार शब्द काढला. बोलायच्या ऐवजी वाढतात. मग मी खाते. काय करणार!

२ मार्च
साचा बसेना! दोघीजणींनी दोन बाजूंनी दाबला, तरी कडेची खटकी लागेना. मशीनवालीने भीत भीत विचारलं, “काकू, वजन वाढलंय का?” कॅन्सरची पेशंट लठ्ठ झाली म्हणून अख्ख्या खात्याची पळापळ! मला हसू आवरेना, आणि साच्यात हसताही येईना.

इस्त्री आले. कातडीपासून गाठीपर्यंतचं अंतर मोजून किरण बेतलेला असतो, म्हणाले. मध्ये चरबी वाढली तर तो गाठीच्या अलीकडेच थांबेल. “इथे लोक वाळतात हो! तुम्हाला कोण एवढं खाऊ घालतं?” नवा स्कॅन, नवा साचा, तोवर किरणांना सुट्टी.

हे बाहेर बाकावर मांडीवर डबा घेऊन बसले होते. ऐकलं, आणि डबा हळूच पिशवीत ठेवला. चेहरा बघवेना.

४ मार्च
स्कॅन झाला. खोलीवर येऊन बघते तर नवा कोरा वजनकाटा! “माझ्यामुळे अडलं सगळं,” हे म्हणाले. ‘सगळं’ म्हणजे नेमकं काय काय, ते मी विचारलं नाही. म्हटलं, “हो ना! बायको उपाशी नाही ठेवली, चढवा फासावर.” हसले नाहीत.

५ मार्च
भोपळा. उकडलेला. बिनमिठाचा.

६ मार्च
पुन्हा बोलावलं. या वेळी शिरेतून औषध देऊन, सगळ्या अंगाचा स्कॅन. मशीनवाली आज एकदाही ओरडली नाही. हे खूश – “बघ, किती बारकाईने माप घेतायत!”

९ मार्च
हे अंघोळीला गेले होते, तेव्हा इस्त्रींचा फोन आला. उजवीकडच्या दोन ग्रंथींतही निघालाय. आता किरण नाहीत.

हे बाहेर आले. मला काट्यावर उभं केलं, चष्मा पुसून खाली वाकले. “उतरलं गं, उतरलं! आता बसेल ना साचा?”

“बसेल,” म्हटलं.