दोन पाठी अन् एक खोगीर

मु. कोंढा, ता. पवनी

तीर्थस्वरूप भूपेंद्रभाऊ यांस,

कोंढ्याहून लिलाधरचा वाकून नमस्कार. ('वाकून' मुद्दाम लिहिलं. उन्हाळ्यापासून मी कोणाच्या पाया पडू शकत नव्हतो, अन् याले गर्व चढला असं गावात बोलणं सुरू झालं होतं.) तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनीचा खोकला गेला का? इकडे आम्ही तिघंही बरे आहोत, मी, तुमची बहीण अन् घोडी. घोडीचं नाव वाचून तुम्ही बुचकळ्यात पडले असाल, कारण रविवारी तिले न्यायले तुम्ही नागपूरहून गाडी पाठवणार आहात. ती पाठवू नका, हेच सांगायले हे पत्र. मैना विकायची नाही असं ठरलं. माझा जीव भांड्यात पडला, भाऊ.

आता मुळापासून सांगतो, काहून का तुमच्यापर्यंत फक्त तुमच्या बहिणीची बाजू पोचली आहे. मैनानं मले पाडलं, हे साफ खोटं आहे. करडी गावच्या लग्नात नवरदेवाले मैनावर चढवायचं काम माझ्याकडे होतं. (घोडी माझी, म्हणून तिच्यावर चढेपर्यंत नवरदेवही माझाच.) नवरदेव अंगानं चांगला भरलेला, एक पाय रिकिबीत अन् दुसरा बँडच्या तालावर. मी खालून रेटलं, तो वर गेला अन् माझ्या कमरेत कट्‌कन वाजलं. मैना बिचारी जागची हलली नाही. पण मले खाटेवर टाकून घरी आणलं तेव्हा तुमच्या बहिणीनं काही न विचारता निकाल दिला, की विका ती घोडी. खरं तं आमच्या जुन्या लाकडी खोगिरानं त्या दिवशी मैनाचीही पाठ सोलली होती. एकाच वरातीतून दोघं जायबंदी होऊन आलो अन् विकायचं फक्त तिले. (मले कोणी घेतलं नसतं, ही गोष्ट वेगळी.)

मग तुमच्या लेकीनं, हर्षानं, साकोलीच्या तिच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मले ताब्यात घेतलं. तिच्या हाताले यश आहे, पण दया नाही. उताणं पडून कंबर उचलायची, मग चार पायांवर उभं राहून एक हात पुढे अन् उलटा पाय मागे ताणायचा. मैनालेही तिनं व्यायाम लावून दिला, जमिनीवर बांबू टाकून त्यावरून सावकाश चालवायचं, अन् पोटाजवळ गाजर धरून मान वळवायले लावायचं. (गाजर तिले. मले फक्त 'अजून एकदा, फुफाजी'.) पाठ तयार झाली की बसा, म्हणे, पण त्या लाकडी ओंडक्यावर नाही, ड्रेसाजचं एखादं जुनं खोगीर पाहा. ड्रेसाज म्हणजे बँड न लावता घोडी नाचवणे, एवढं मले समजलं. त्या खोगिराची बैठक खोल असते, माणूस ताठ बसते अन् कमरेले दचके कमी लागतात.

मी नागपूरले जाऊन खोगीर घेतलं, अन् बैल पारखून घेतो तसंच घेतलं. उलटं करून पाह्यलं, शिवणी ओढल्या, आतला सांगाडा दोन्ही हातांनी दाबला, कुठे कुरकुर नाही. घरी आणून ओसरीवरच्या धानाच्या पोत्यांवर टाकलं अन् बसलो. काय सांगू भाऊ, उन्हाळ्यापासून पहिल्यांदा कमरेनं तोंड बंद केलं. मी आनंदानं हर्षाले फोन लावला. मैनाले बसलं का, असं तिनं विचारलं. मले बसलं ना, असं मी म्हटलं. ती म्हणे, खोगिराले दोन पाठी असतात, फुफाजी, एक वरची, एक खालची.

तिनं सांगितलं तसं मैनाच्या पाठीवर तांदळाचं पीठ चोळलं, खोगीर ठेवलं अन् उचलून पाह्यलं. पीठ खोगिराच्या फक्त पुढच्या अन् मागच्या टोकाले लागलं होतं, मधात कोरं. म्हणजे सगळा भार जुन्या जखमांवरच पडला असता. मी हिरमुसलो, पण व्यायामाची वेळ झाली होती म्हणून तिथेच चार पायांवर उभा राहून हात-पाय ताणले. नेमकी तेव्हाच शेजारची शकुनबाई आली. पीठ लावलेली घोडी, तिच्यासमोर तसा मी. ती तशीच घरी जाऊन आरतीचं ताट घेऊन आली अन् आम्हा दोघांच्याही कपाळाले कुंकू लावून गेली.

शेवटी हर्षाच आपल्या घोडेस्वारी करणाऱ्या मैत्रिणीचं एक जुनं खोगीर घेऊन आली. पीठ सगळीकडे सारखं लागलं. पण बैठक लहान, मी त्यात मावलोच नाही. वजन पडल्यावर कसं बसते ते खालून पाहायचं आहे, आत्या, जरा तूच बस, असं ती सहज म्हणाली. तुमची बहीण धानाच्या रोवण्याले जाताना लुगडं खोचते तसं खोचून वर बसली. मले वाटलं, लगेच उतरेल. ती पाण्यानं भरलेल्या बोडीच्या पारीवरून, बांधाबांधानं गावाले वळसा घालून आली, अन् कशी ताठ बसली होती, मैना कशी कान टवकारून चालत होती. उतरून तिनं मैनाले गूळ दिला अन् माझ्याकडे न पाहता म्हणे, 'तुम्ही खाटेवर आले ना, मले वाटलं आता उठतच नाही. कोणावर तं राग काढू. भाऊले सांगा, गाडी नको.' माझे डोळे भरून आले, ते मी पिठावर ढकललं.

वहिनीले नमस्कार.

तुमचा,
लिलाधर

ता. क. तुमच्या बहिणीनं पत्र वाचलं. ती म्हणते, गाडी पाठवाच, पण येताना तिच्यात दुसरी घोडी असू द्या. ती मैनावर अन् मी मागून पायी, हे बरं दिसत नाही म्हणे.

ता. क. २. हे तिच्या नकळत. मी अजून मैनावर काय, कोणत्याच घोडीवर बसलो नाही, हिंमतच होत नाही. नागपूरचं खोगीर परत केलं नाही, ते ओसरीवरच आहे अन् हे पत्र त्यावर बसूनच लिहून राहिलो. कंबर एकदाही दुखली नाही. तेव्हा खोगीर तयार आहे, आता त्याच्या मापाची घोडी तुम्हीच शोधा. पाठ धानाच्या पोत्यासारखी पाहिजे, अन् चालणंही जमल्यास तसंच.